पट्टीखालचं नाव

ता. ४ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत ते आधी कळव, मग बाकीचं. भावोजींना सांग, त्यांनी पाठवलेल्या चपला मला घट्ट होतात, पण मी हट्टाने घालतो. इकडे सगळं ठीक. सूनबाई तेवढी रागावलेली आहे, कारण मी घरात टिकत नाही. पेन्शनीत निघालेला माणूस घरात असला तरी अडचण आणि नसला तरी अडचण, त्याने करायचं तरी काय?

मी कुठे जातो ते सांगतो. सरकारने लढाईच्या काळातले लष्करी कागद लोकांना खुले केले, हे तू वाचलं असशीलच. इथे त्या कागदांचं नुसतं वेड लागलंय. दप्तरखान्याच्या वाचनखोलीबाहेर सकाळी दार उघडायच्या आधी रांग असते. कुणाला न परतलेला काका शोधायचा असतो, कुणाला आकाशात दिसलेले दिवे. एक निवृत्त न्हावी तर पुरलेल्या खजिन्याच्या मागे लागलाय आणि रोज वहीभर उतरवून घेतो. आम्ही पाचसहा जण तिथले नेहमीचे. मला सगळे पट्टीमास्तर म्हणतात.

तेही सांगतो, कारण त्यात तुझ्या भावाची हुशारी आहे. कागद खुले केले तरी लष्कराला खबर देणाऱ्यांचा उल्लेख काळ्या पट्टीने झाकलेला असतो. बाकीचे लोक ती पट्टी बघून हळहळतात आणि पान उलटतात. मी मात्र खिशातून मोजपट्टी काढतो. जन्मभर नकाशे काढले ते काय उगीच? टाइपरायटरचं प्रत्येक अक्षर सारखीच जागा खातं. पट्टी मोजली की खाली किती अक्षरं आहेत ते कळतं, आणि मग गावातली नावं एकेक करून बसवून बघायची. दोन नावं मी अशी सांगितली आणि पुढे ती खरी निघाली. वाचनखोलीतल्या बाईसुद्धा आता माझ्यासाठी खिडकीजवळची खुर्ची राखून ठेवतात.

आता मुद्द्याचं. ताई, बाबांची फाइल सापडली.

फार मोठी नाही. शत्रूचं रेडिओ केंद्र ऐकल्याबद्दल अटक, रेडिओ जप्त, वीज कंपनीला कळवलं की या लाइनमनला कामावर घेऊ नये. कशासाठी ऐकत होता या प्रश्नाला बाबांनी उत्तर दिलं नाही, असं तीन ठिकाणी लिहिलंय. ते आपल्यालाही त्यांनी कधी सांगितलं नाहीच. पण पहिल्याच पानावर आहे, ‘माहिती देणारा’, आणि पुढे काळी पट्टी; तिच्याखालची एक ओळ तर अख्खीच काळी. खाली लिहिलंय, ‘माहिती देणाऱ्याचा या घरात रोजचा वावर असून माहिती विश्वसनीय आहे.’ त्याच्याखाली ‘मोबदला’, आणि पुन्हा पट्टी.

रोजचा वावर. तूच सांग, आपल्या घरात रोज कोण यायचं? मी पट्टी मोजली, नाव बसवलं, आणि ते असं बसलं की मला खुर्चीतून उठावं लागलं. घड्याळवाले काका. अख्खं नाव, वडिलांच्या नावासकट, एका अक्षराचा फरक नाही.

बाबा परत आले ते अर्धे होऊन. तुझी शाळा सुटली, तू शिलाईच्या कारखान्यात जायला लागलीस. आणि हा माणूस समोरच्या गल्लीत बसून लोकांची घड्याळं दुरुस्त करत राहिला, मला जाता-येता ‘काय बारक्या’ म्हणत राहिला! मोबदल्यात काय घेतलं असेल? दुकानातलं ते मोठं लंबकाचं घड्याळ त्याच सुमारास आलं होतं का, तुला आठवतं?

पट्टी काढून मिळावी म्हणून मी अर्ज केलाय. पण मला त्याची गरज नाही. येत्या रविवारी वाचनालयात माझं भाषण ठेवलंय, विषय ‘काळ्या पट्ट्या कशा वाचाव्यात’. बोलावं की नाही ते ठरवतोय.

एक गंमत. फाइलमध्ये गावाबाहेरच्या त्या लष्करी छावणीतल्या कॅप्टनची सही दिसली आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. तोच ग, ज्याने मला त्याच्या दुर्बिणीतून नदीपलीकडचं बघू दिलं होतं! ती गोष्ट बाबांना किती आवडायची. जेवताना मुद्दाम विचारायचे, ‘मग काय काय दिसलं रे?’ आणि मी दरवेळी एक नवीन गाय वाढवायचो. तू मात्र ताट उचलून आत जायचीस. तुला बघायला मिळालं नाही म्हणून जळायचीस, दुसरं काय.

पत्राची वाट बघतो.

तुझा हुशार भाऊ,
बारक्या


ता. २४ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, चार ओळी. ‘ते कागद सोड. काकांचं नाव कुठेही घेऊ नकोस. माझी शपथ आहे.’ कारण काही नाही. ताई, मी आता लहान नाही. तू कायमच सगळ्यांना सांभाळून घेत आलीस, म्हणूनच लोकांनी आपल्याला गृहीत धरलं. आणि तुझं पत्र आलं सोमवारी, भाषण झालं रविवारी.

भाषण छान झालं. माणसं दाराबाहेर उभी होती. मी नाव घेतलं नाही, हे तुला मुद्दाम सांगतो. मी फक्त एवढंच म्हणालो, की माझ्या वडिलांची खबर देणाऱ्याचं नाव मी सभ्यतेपोटी सांगणार नाही, पण त्याच्या भिंतीवर साऱ्या गावाची वेळ टांगलेली असते. लोक हसले. वाक्य मी घरी तीनदा म्हणून बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं, फोटोसकट.

त्यानंतर जे झालं त्याला मी काय करणार? कुणीतरी काकांच्या दुकानाच्या पाटीवर नावाच्या जागी काळी पट्टी चिकटवली. लोक दुरुस्तीला दिलेली घड्याळं परत मागायला गेले. म्हणतात, त्यांनी एकालाही काही विचारलं नाही, प्रत्येकाचं घड्याळ पुसून हातात दिलं आणि पैसे घेतले नाहीत. न्हावी म्हणाला, निर्दोष माणूस भांडला असता. मलाही तसंच वाटतं. माणूस गप्प का बसतो? चोराच्या मनात काहीतरी असतं म्हणूनच ना?

बाबांचं मनगटी घड्याळही त्यांच्याकडेच होतं. मागच्या महिन्यात मीच टाकलं होतं, फाइल मिळायच्या आधी. ते आणायला जायचं मी टाळत होतो. परवा त्यांची सून येऊन दारात देऊन गेली, कागदात गुंडाळून. चालू केलंय. नवा पट्टाही घातलाय.

मी ते घातलेलं नाही. टेबलावर आहे. टिकटिक ऐकू येते म्हणून खणात ठेवलं.

पाटीवरची पट्टी अजून तशीच आहे. काका ती काढत नाहीत. मी हल्ली दप्तरखान्यात मागच्या रस्त्याने जातो, तिकडे सावली जास्त असते.

गुडघ्यांचं काहीच लिहिलं नाहीस. रागावू नकोस.

तुझा,
बारक्या


ता. ९ मे

ती. ताईस,

नमस्कार. उन्हाचा त्रास होतोय का? इथे नळाला पाणी कमी येतंय. सूनबाईने पडदे बदलले. मला नवा चष्मा लागलाय.

हे सगळं लिहून मी पत्र बाजूला ठेवलं होतं, आता पुन्हा घेतलंय. चष्म्याचं लिहायला मी बसलेलो नाही, हे तुला कळलंच असेल.

माझा अर्ज मंजूर झाला. मंगळवारी वाचनखोलीतल्या बाईंनी पान आणून दिलं. एरवी त्या दोन शब्द बोलतात, त्या दिवशी पान ठेवलं आणि खिडकी लावायला निघून गेल्या. त्यांनी आधी वाचलं असणार. शेजारी न्हावी मान लांब करून बसला होता. मी मोजपट्टीसुद्धा काढून ठेवली होती, बरोबर आलेलं गणित पुन्हा एकदा दाखवायला.

पट्टीखाली नाव नव्हतंच, ताई. इतकी वर्षं नकाशे काढले, इतक्या पट्ट्या मोजल्या, आणि काळ्याखाली नावच असतं हे मी धरूनच चाललो होतो. तिथे लिहिलंय, ‘माहिती देणारा: संशयिताचा धाकटा मुलगा, वय सहा.’ खालच्या, अख्ख्या झाकलेल्या ओळीत माझे शब्द आहेत, जसेच्या तसे: ‘आमचा रेडिओ रात्री बाबांच्या पांघरुणात बोलतो.’

आणि मोबदला: ‘दुर्बिणीतून पाहू दिले.’

न्हाव्याने ते वाचलं. त्याने आपली वही मिटली. मी पान परत केलं, सही केली, बाहेर आलो, आणि माझी छत्री आत राहिली ती मी अजून आणलेली नाही.

ताई, तुला माहीत होतं. म्हणून तू ताट उचलून आत जायचीस. आणि मी परवापरवापर्यंत, माझ्या नातवंडांना, पाहुण्यांना, सूनबाईच्या माहेरच्यांना ती गोष्ट सांगत आलो. शेवटी गायी किती झाल्या होत्या, देव जाणे.

मी घड्याळवाल्या काकांकडे गेलो. लगेच नाही. दोन दिवस घरात बसून होतो, सूनबाईला पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी पुढच्या रस्त्याने गेलो. दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं. भिंतीवरची घड्याळं चालू होती, काका डोळ्याला भिंग लावून रिकाम्या टेबलासमोर बसले होते. मी सगळं सांगितलं. उभ्यानेच, कारण त्यांनी बस म्हटलं नाही.

त्यांनी भिंग काढलं आणि म्हणाले, मला तेव्हापासूनच ठाऊक आहे.

मग हळूहळू सांगितलं. त्यांचा थोरला भाऊ आघाडीवर बेपत्ता होता. शत्रूच्या केंद्रावर रात्री पकडलेल्या सैनिकांची नावं वाचायचे. काकांकडे रेडिओ नव्हता. म्हणून बाबा ऐकायचे, रोज, पांघरुणात डोकं घालून, आणि सकाळी काका विचारायला यायचे. मी ज्याला रोजचा वावर धरलं तो हा; फाइलमधला तर माझाच होता. चौकशीत बाबांनी तोंड उघडलं नाही, कारण उघडलं असतं तर काकांनाही नेलं असतं. त्या भावाचं नाव शेवटपर्यंत वाचलं गेलंच नाही.

मी विचारलं, मग लोक पाटीवर पट्टी चिकटवत होते तेव्हा तुम्ही गप्प का राहिलात? एक शब्द बोलला असतात तर मी...

‘तुझ्या वडिलांना शब्द दिला होता,’ ते म्हणाले, ‘पोराला कधी कळू द्यायचं नाही म्हणून.’

मला वाटलं होतं मी रडेन आणि ते पाठीवर हात ठेवतील. खरं सांगायचं तर मी तेवढी तयारी करूनच गेलो होतो. त्यांनी हात ठेवला नाही. म्हणाले, ‘सहा वर्षांचा होतास, ते मी कधीच धरलं नाही. आत्ताचं धरलंय.’ आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. समोर घड्याळ नव्हतं तरी.

ताई, त्यांचं बरोबर आहे. लहानपणीचं कुणीही माफ करेल, मीसुद्धा माझं करीन. पण ते वाक्य? घरी तीनदा म्हणून बघितलेलं? लोक हसले तेव्हा मला किती बरं वाटलं होतं, हे तुला त्या पत्रात कळलं असेल. मला बाबांसाठी न्याय नको होता ग. मला पट्टीमास्तर व्हायचं होतं. याची मला इतकी लाज वाटते की आरशासमोर दाढी करताना मी खाली बघतो.

जाताना पाटीवरची पट्टी काढू का, असं विचारलं. ते नको म्हणाले. म्हणाले, जिथे लावलीस तिथे जाऊन काढ.

म्हणजे वाचनालयात. येत्या रविवारची वेळ मी मागून घेतली आहे. विषय लिहा म्हणाले, तर मी जुनाच दिला, नाहीतर माणसं येणार नाहीत. वर्तमानपत्रवाल्यालाही बोलावलंय. ते पान मी वाचून दाखवणार आहे, पहिल्या ओळीपासून मोबदल्यापर्यंत. मुलाला आणि सूनबाईला काल सांगितलं. मुलगा म्हणाला, बाबा, कशाला उगीच, लोक विसरतील. सूनबाई म्हणाली, काकांची सून विसरणार नाही. आणि पहिल्यांदाच ती माझ्याबरोबर येते म्हणाली.

तुला ये म्हणत नाही. तुझे गुडघे, प्रवास. आणि तू आलीस तर मी तुझ्याकडे बघून बोलेन, लोकांकडे नाही.

पण एक सांग. हे तुझ्याशिवाय कुणाला विचारणार? मी ती दुर्बिणीची गोष्ट सांगायचो, तेव्हा बाबा हसायचे. तुरुंगातून आल्यावरसुद्धा. खोकत खोकत विचारायचे, ‘मग काय काय दिसलं रे?’ मी सांगायचो, नदी, झाडं, गायी. ते म्हणायचे, ‘बघ, बरं झालं की नाही तुला बघायला मिळालं.’ ते मनापासून म्हणायचे का? तू आत असायचीस, पण तुला ऐकू येत असणार. खोटं वाटलं तरी हो लिही, असं मी म्हणणार नाही. जे असेल ते लिही.

घड्याळ आज खणातून काढून हाताला बांधलंय. रविवारी उपयोगी पडेल.

संशयिताचा धाकटा मुलगा,
तुझा बारक्या