विरळ हवा कुणाला लागली

मुलुंड, मंगळवार, संध्याकाळ

सोसायटीच्या बागेत माझ्या मैत्रिणीने, सुमनने, आज सगळ्यांना सांगितलं, "लेहला मला विरळ हवा लागली, म्हणून आमचं पँगाँग तळं राहिलं." धादांत खोटं. हवा मला लागली होती. तिचं तळं माझ्यामुळे बुडालं. आणि मी गप्प बसले. का?

पहिल्याच दिवशी डोकं ठणकत होतं, पण कुणाला बोलले नाही. पाणीही प्यायले नाही, बाटलीचं सील तसंच. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत लघवीला जायला हात वर केला की सिस्टर डोळे वटारायच्या. तेव्हापासून घराबाहेर पडलं की पाणी बंद, साठी उलटली तरी. टूर मॅनेजर सांगत होता, "काकू, पाणी प्या, डोकं दुखलं तर लगेच सांगा." त्यालाच चार शब्द सुनावले.

मग दोन दिवस पलंग होडीसारखा डुलत राहिला. खिडकीतले डोंगर आत येऊन उशाशी बसायचे आणि मला त्याचं नवलही वाटायचं नाही. डॉक्टरांनी आणखी वर जायला मनाई केली. सुमन त्याच बाटलीतलं पाणी चमच्याने पाजत होती. "गीळ गं, मास्तरीणबाई." बाकीचे तळ्यावर गेले.

माझी लाज राखायला सांगितलं होतं कुणी हिला? संतापच आला. आत्ता फोन करून म्हटलं, "उद्या बागेत मी खरं सांगणार आहे."

"सांग की," ती म्हणाली. "आणि मला परत पँगाँगला कधी नेतेस, तेही सांग."