इथी वाक्यच नाई

२२ जानेवारी, बुधवार

वडशाहून सकाळी परतलो. कालचा प्रयोग उत्तम! नायक तिसऱ्या अंकात अडखळला. मी विंगेतून पुढचं वाक्य दिलं, त्यानं उचललं, बघणाऱ्याला पत्ता नाही. पत्ता लागता कामा नये — हीच तर कला! प्रॉम्प्टरचा आवाज नटाच्या कानापर्यंत जावा, पहिल्या रांगेपर्यंत जाऊ नये. हे मला कुणी शिकवलं नाही. सातवीत शाळा सुटली, पुढचं सगळं विंगेत बसून शिकलो. ब्रह्मपुरी तालुक्यात कुणालाही विचारा — मुखरू रामटेके पुस्तक घेऊन बसला असेल तर नटाचं वाक्य पडत नाही. आजवर पडलेलं नाही.

दुपारी साक्षी आली. आमच्याच वॉर्डातली पोरगी, पुण्याला नाटकाचं शिकून परत आली आहे. म्हणे बंद पडलेल्या धानगिरणीत दोन संध्याकाळचा महोत्सव करून राहिली. छोटी नाटकं, नवीन पद्धतीचे नाच.

"नायक कोण?" मी विचारलं.

"नायक नाई भाऊ."

"खलनायक?"

"तोबी नाई."

"कॉमेडी?"

"पाहू."

पाहू! झाडीपट्टीत 'पाहू' म्हणून नाटक होत असतं काय? तरी हो म्हणालो. कारण शेवटी ती म्हणाली, "पत्रकावर तुमचं नाव छापतो." आमच्या नाटक कंपनीच्या पत्रकावर ऑर्गनवाल्याचं नाव असतं, तबल्याचं असतं, मंडपवाल्याचं तर फोन नंबरासकट असतं. प्रॉम्प्टरचं नसतं.

२७ जानेवारी, सोमवार

ऑटोवर भोंगा बांधून गावोगाव पुकारा करायचा आहे. आवाज माझा. साक्षीनं मजकूर लिहून पाठवला — "ब्रह्मपुरी फ्रिंज महोत्सव"! पुण्याला शिकतात, पण शुद्धलेखन नाही. अनुस्वार काढला, दीर्घ केला. फ्रीज. आता बरोबर.

बायको, रुखमा, चहा देता देता म्हणाली, "सोडत हाये काय जी?"

"असणारच. नाहीतर महोत्सवाला फ्रीजचं नाव कोण देईल?"

"मंग आपलंबी नाव टाकजा."

घरचा माणूस म्हणून टाकता येणार नाही, असं सांगितलं. नियम म्हणजे नियम. ती रागावली. माठातलं पाणी मला न देता स्वतःच प्यायली.

२ फेब्रुवारी, रविवार

गिरणीत तालीम पाहिली. कोंड्याचा वास अजून भिंतींत आहे. रंगमंच म्हणून एक गुडघाभर उंचीचा ओटा. विंगा काळ्या कापडाच्या, त्यातली डावी दोन बोटं तिरकी. सरळ करून घेतली.

नाच नंदिनीचा. कुरखेड्याची आहे, बंगळूरला नाच शिकली. नाव — रोवणी, धानाची रोपं लावतात ती. गाणं नाही, फक्त पाण्याचा आवाज. ही पोरगी वाकते आणि वाकलेलीच मागं मागं सरकते, हातानं रोपं लावत. रोपं नाहीतच, पण दिसतात! अंगठा चिखलात रोवते तो बरोबर आपल्या बायकांसारखा. मी एकच सुधारणा सांगितली — रोपांची पेंडी डाव्या हातात धरतात. तिनं लगेच बदलली. शिकणारी आहे.

मग शेवटी ती सरळ उभी राहते. पाणी बंद. आणि उभीच राहते. मी वाट बघितली. अजून उभीच.

"इथं काय वाक्य आहे?" मी विचारलं.

"काहीच नाही भाऊ. इथे मी गप्प असते."

"किती वेळ?"

"जमेल तेवढा."

जमेल तेवढा! मी तिला सांगितलं, बाई, आपल्या इथं नट गप्प राहिला की लोक म्हणतात विसरला. आणि विसरला की लोक आधी नटाकडे बघत नाहीत, विंगेकडे बघतात. ती हसली. साक्षीही हसली. त्यांना हसायला काय जातं?

९ फेब्रुवारी, रविवार

नागभीड रस्त्यावरची सगळी गावं झाली. "या, या, या! माय-बाप, ताई-भाऊ! भव्य फ्रीज महोत्सव!" असा प्रतिसाद कधी बघितला नाही. एका गावात म्हाताऱ्यांनी ऑटो अडवला — "डबल दरवाज्याचा हाये का सिंगल?" मी म्हणालो, ते तिथंच कळेल.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पत्रकं छापून आली. सर्वात खाली — मंचव्यवस्था व प्रॉम्प्टर : मुखरू रामटेके. शेवटी आहे, पण आहे. ऱ्हस्व-दीर्घ बिनचूक.

वर मात्र 'फ्रिंज' तसंच! माझं नाव बरोबर आणि महोत्सवाचंच चुकलेलं. वाईट वाटलं पोरीसाठी. एवढा खर्च केला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सविस्तर लिहितो. नाहीतर उद्या जो तो आपापलं सांगेल.

गिरणी भरली! साक्षीला काळजी होती, माणसंच आली नाहीत तर मालक पुढल्या वर्षी आत येऊ देणार नाही. इथं लोक ट्रॅक्टर करून आले. बायका पुढं ताडपत्रीवर, पोरं खिडक्यांत. आमच्या कंपनीचा खलनायक जंगू कोंडा भरायच्या हौदाच्या कठड्यावर चढून बसला. तिथूनच मला हात करून "जयभीम मुखरू, फ्रीज कुठी लपवला बे?"

शेजारच्या इंदुताईंनी दारातच साक्षीला धरलं. "बाई, कूपन कुठी भेटते?"

"कायचं कूपन, मावशी?"

"फ्रीजचं!"

साक्षी माझ्याकडे वळली. "भाऊ, भोंग्यावर काय बोलले तुम्ही?"

सांगितलं. चूक दुरुस्त केली तेही सांगितलं. ती ओरडली नाही. भरलेल्या गिरणीकडे बघत राहिली, मग म्हणाली, "आता कोणाले काहीच सांगू नका. पहिले नाच होऊ द्या." आणि तिथंच, दारात उभ्या उभ्या तिनं मला त्या शब्दाचा अर्थ सांगितला. फ्रिंज म्हणजे काठ. मोठ्या उत्सवाच्या काठाला जी छोटी, स्वतंत्र मंडळी आपलं काम दाखवतात, ते. काठ! म्हणजे विंगच की. हे आधी सांगायला नको?

नाच सुरू झाला. मी माझ्या जागी, डाव्या विंगेत. हातात पुस्तक नाही — आयुष्यात असं बसलो नव्हतो. हात कुठं ठेवावे कळेना.

सुरुवातीला बायका हसल्या. मग एक म्हणाली, "अवो, रोवणी करून राह्यली!" दुसरी म्हणाली, "बांधीत पाणी जास्त झालं वाटते." खुशीत बघत होत्या. मग नंदिनी सरळ झाली. पाणी बंद. उभी.

लोकांनी वाट बघितली. कुणी खोकलं. मग मागून आलं, "विसरली वो!" दुसऱ्यानं, "फ्रीज काढा बे!" आणि मग तो जंगू, आवाज तर त्याचा दोन शेतं पलीकडे जातो —

"मुखरू! झोपला का बे? वाक्य दे पोरीले!"

अख्खी गिरणी हसली. खिडकीतल्या पोरांनी तर तालच धरला — "मुखरूभाऊ, वाक्य द्या! मुखरूभाऊ, वाक्य द्या!"

नंदिनी हलली नाही. पण तिची बोटं थरथरत होती. समोरून ते दिसत नाही, विंगेतून दिसतं. अजून थोडं, की पोरगी पळणार. आणि उद्या वडशापर्यंत बोंब — मुखरूच्या हाताखाली वाक्य पडलं!

काय झालं मला माहीत नाही. उठलो. एक पाय विंगेच्या बाहेर, थेट उजेडात. आणि ओरडलो —

"इथी वाक्यच नाई!"

एकदम चूप. मग जंगू, "मंग काय हाये?"

"उभं राहणं हाये!"

आता हसतील, म्हटलं. तेवढ्यात ताडपत्रीवरून एक आवाज. रुखमाचा! रागावलेलीच होती अजून, पण बोलली — "बराबर हाये. दिवसभर वाकून कंबर सरळ झाल्यावर कोण बोलते बे? चूप बसा सारे."

सारे चूप. पंखा बंद होता, चिमण्यांचा आवाज तेवढा छपरात. नंदिनीची बोटं थांबली. आणि मी समोर बघितलं तर पुढच्या बायका, बसल्या जागी, एकेक करून पाठ सरळ करत होत्या. आधी इंदुताई, मग रुखमा, मग सगळी ओळ. कुणी सांगितलं नव्हतं.

दिवा गेला. टाळ्या! "वन्स मोर" सुद्धा आला. गप्प उभं राहण्याला वन्स मोर!

फ्रीज नाही हे सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे. माईक घेतला. "बंधू-भगिनींनो, एक अनुस्वार पडला आहे."

इंदुताई म्हणाल्या, "मंग उचला न भाऊ!"

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज गर्दी कालच्या निम्मी. पण आज जे आले ते फ्रीज नाही हे माहीत असून आले — साक्षीनं हे मला तीनदा सांगितलं. चंद्रपूरच्या पोरांनी कोळशाच्या धुळीवर नाटक केलं, फक्त बादल्या घेऊन. बादल्यांची रांग वाकडी होती, बाकी झकास. वाक्यं पाठ. माझी गरज लागली नाही.

माझं मन मात्र कालवर. प्रॉम्प्टरचा आवाज शेवटच्या रांगेला गेला. जंगूला गेला. खिडकीतल्या पोरांना गेला! याला क्षमा नाही. संध्याकाळी नंदिनीकडे गेलो, म्हटलं बाई, तुझा नाच मी मोडला.

तर म्हणते, "भाऊ, मी आजवर मनात आकडे मोजून थांबत होते. काल पहिल्यांदा नुसती उभी राहिले." मग, "एप्रिलमध्ये नागपूरला प्रयोग आहे. तिथं पण बोलाल?"

"तिथं कोण ओरडणार आहे वाक्य द्या म्हणून?"

"कोणीच नाही. तुम्ही आपणहून यायचं. उजेडात. आणि सांगायचं."

मी स्पष्ट सांगितलं. प्रॉम्प्टर उजेडात येत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

रुखमा : "मंग परवा कोण आला होता? तुमचा भाऊ?"

२० फेब्रुवारी, गुरुवार

हो कळवलं. अट एकच — पाय कुठं टाकायचा ती जागा खडूनं आखलेली हवी.

१८ मार्च, मंगळवार

होळी झाली, कंपनीचा हंगाम आटोपला. रोज अंगणात सराव. जंगू येऊन खाटेवर बसतो आणि खिजवतो. "चाळीस नाटकं पाठ हाये म्हणते, आन् एक वाक्य घोकून राह्यला!" मी त्याला समजावलं, वाक्य पाठच आहे, वजन ठरवतो आहे. 'वाक्यच'वर जोर द्यावा की 'नाई'वर? त्या दिवशी कशावर होता, कुणालाच आठवत नाही. रुखमा म्हणते 'इथी'वर होता. तिचं ऐकलं पाहिजे, ती समोर बसली होती.

जंगू जाताना म्हणाला, "विसरला तं मी तिथी नाई बे वाक्य द्यायले."

मी हसलो. विसरेन! मी!

१२ एप्रिल, शनिवार

नागपूरचं पत्रक साक्षीनं फोनवर पाठवलं. रोवणी. कलाकार — नंदिनी, मुखरू रामटेके. कलाकार! रुखमानं शेजारी दाखवलं, बाजारात दाखवलं, दळणाच्या रांगेत दाखवलं. मी तिला बजावलं, एवढं दाखवू नये. मग फोन मागून घेतला आणि जंगूला दाखवायला गेलो.

२० एप्रिल, रविवार. नागपूर.

प्रयोग झाला. पाणी बंद झालं, नंदिनी उभी राहिली. मी उजेडात आलो, पाय खडूच्या खुणेवर, बरोबर. समोर सगळा अंधार. आणि डोकं कोरं. तीन शब्द! एकही नाही.

तेव्हा नंदिनीनं, मान न वळवता, ओठ न हलवता, सांगितलं — "इथी..."

मी उचललं. पहिल्या रांगेत रुखमा होती. तिला विचारलं. तिला काहीच ऐकू गेलं नाही, म्हणाली.