दीड इंच सैल

३ फेब्रुवारी, मंगळवार

ओठ हलवा म्हणे! नुसते ओठ!

तालीम संपली आणि मास्तरांनी मला पियानोच्या मागे बोलावलं. मला वाटलं जाकिटांचं विचारणार. आमच्या गायनवृंदात बावीस जण, बावीस जाकिटं मीच शिवतेय, कापडाचा तागा परवाच दुकानात येऊन पडलाय. तर मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "बाई, राग मानू नका. वरच्या पट्टीत तुमचा आवाज जरा निसटतो. कार्यक्रमात तुम्ही नुसते ओठ हलवा. लोकांना कळणार नाही. आणि हे आपल्या दोघांतच राहू द्या."

मी "बरं" म्हणाले. बरं! शिलाई उसवली म्हणून कोणी खोटं गाऱ्हाणं घेऊन आलं, तर समोरच्या फुटपाथपर्यंत ऐकू जाईल असं भांडणारी मी. तिथे मात्र पिशवी उचलली आणि मुकाट घरी आले.

४ फेब्रुवारी, बुधवार

ह्यांना सांगितलं नाही. पण चहा पिताना विचारलंच त्यांनी — "आज मशीन चालतेय आणि तू मुकी?" मशीनवर बसले की मी गाते. लग्न झाल्यापासूनची चौतीस वर्षांची सवय. आणि ह्यांचं त्यावरचं ठरलेलं वाक्य: "गळा चांगला आहे तुझा, वाया घालवू नकोस." ह्यांच्याच आग्रहाने दीड वर्षापूर्वी वृंदात नाव घातलं.

शाळेत बाईंनी मागच्या रांगेत बसवलं. माहेरी बाबा म्हणायचे, पुरे आता. सासरी नणंद — "वहिनी गायला लागली की मांजरसुद्धा उठून जातं." सगळ्यांचं ऐकून घेतलं. एवढं कोणी गाणंही ऐकत नाही! अठ्ठावन्न वर्षांची झाले. आता मास्तरांचं पण ऐकू?

नाही. अठ्ठावीस तारखेला सभागृहाला पन्नास वर्षं होतायत. त्या मंचावर मी गाणार. तोंड उघडून.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

तालमीला ओठ हलवले. घाबरट मेली! जबडा दुखतोय. गाऊन कधी दुखला नव्हता.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज जे कळलं ते लिहिलं नाही तर पोट फुटेल.

मापं घ्यायला सुरुवात केली. छातीचं माप घेताना मी प्रत्येकाला सांगते — गाताना घेता तेवढा श्वास भरून घ्या, नाहीतर बटण तुटून पहिल्या रांगेत कोणाच्या तरी डोळ्यात जाईल. नर्सबाई आल्या. माझ्याच रांगेतल्या, गेल्या वर्षी हॉस्पिटलातून निवृत्त झाल्या. म्हणाल्या, "घे गं तसंच. मला कुठे श्वास लागतोय."

"म्हणजे?"

मागे सरकायला लागल्या. टेप माझ्या हातात आणि त्या टेपच्या आत, जातील कुठे! शेवटी म्हणाल्या, "मी गात नाही. जूनपासून. मास्तरांनी सांगितलंय, ओठ हलवा. कोणाला बोलू नकोस हं, ते आमच्या दोघांतच आहे."

मी मटकन स्टुलावर बसले. त्यांना वाटलं मला चक्कर आली. नाडीच बघायला लागल्या!

मग मीही सांगितलं. आधी हसलो, मग त्यांचे डोळे भरले. म्हणाल्या, "आता गाण्याचे शब्दही विसरले गं. मी आपली एक ते शंभर आकडे म्हणते. अठ्ठावन्नला तोंड छान उघडतं."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सगळी मापं झाली. प्रत्येकाला तोच प्रश्न विचारला — श्वास किती घेता? खरा गाणारा छाती फुगवून दाखवतो. जे गात नाहीत ते टेपकडे बघत बसतात, आणि खोदून विचारलं की हळूच कबूल करतात. टेपला खोटं बोलता येत नाही!

माझ्यासकट नऊ. बावीसपैकी नऊ जण नुसते ओठ हलवतायत, आणि प्रत्येकाला वाटतंय की आपण एकटेच. मास्तरांचं "आपल्या दोघांत" नऊ ठिकाणी पसरलंय.

पोस्टमनदादा तर कहर. तीस वर्षं टपाल वाटलं त्यांनी. गाणं चालू असताना ते आपली जुनी वाट म्हणतात — "पहिली गल्ली, चार नंबर, जिना चढून डावीकडे, कुत्रा आहे." म्हणाले, "बाई, लय बरोबर बसते हो!" हसत होते, पण टोपी हातात चुरगाळून टाकली होती.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज तालमीत मास्तर वैतागले. "वृंद इतका बारीक का वाटतोय? बावीस जण आहात तुम्ही! ताकद लावा!" पाया काढून घ्यायचा आणि वर विचारायचं, भिंत का हलतेय! मी नर्सबाईंकडे बघितलं, त्या पोस्टमनदादांकडे. दादा म्हणत होते — बहुतेक तिसरी गल्ली.

परत येताना नर्सबाईंना म्हटलं, आपण सगळे गाऊ. नऊच्या नऊ. त्या बिचकल्या. "अगं, पण मास्तर खरं बोलत असले तर?"

असले तर असले! असं तोंडावर म्हटलं खरं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

कापड बेतायला घेतलं. तेरा जाकिटं मापाप्रमाणे. आणि "श्वास नको" म्हणणाऱ्या आठांची आणि माझं — छातीत दीड दीड इंच सैल.

हे बघत होते. "कापड जास्त जातंय," म्हणाले. जाऊ दे की! "कशाला पण?" म्हटलं, जागा ठेवतेय. मग सगळं सांगून टाकलं, ओठांपासून टेपपर्यंत. ह्यांचा चेहरा एकदम पडला. बराच वेळ खडूशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "तुला गायचंय ना? मग गा." एवढंच. मला वाटलं होतं मास्तरांवर चिडतील.

२५ फेब्रुवारी, बुधवार

जाकिटं वाटली. आठांना आठ वेगवेगळ्या वेळी बोलावलं. सैल आहे म्हणून सगळ्यांनी तक्रार केली. बेकरीवाला म्हणाला, "बारीक झालो की काय मी?" प्रत्येकाला तेच उत्तर दिलं — "आत श्वासाला जागा ठेवलीय. वाया घालवू नका." आणि किती जण आहोत तेही सांगून टाकलं.

नर्सबाईंच्या बाहीला आतून खिसा लावलाय. त्यात गाण्याचे शब्द.

२८ फेब्रुवारी, शनिवार

गायले! गायले! गायले!

सभागृह भरलेलं. हे तिसऱ्या रांगेत, मोबाइल वर धरून. पहिली दोन गाणी मी ओठच हलवले. खोटं कशाला लिहू — धीरच झाला नाही. तिसरं नदीचं गाणं. दुसऱ्या कडव्यात सूर वर चढतो, नेमका तिथेच माझा निसटतो म्हणे. मास्तरांनी हात उचलला. मी छातीभर श्वास घेतला, जाकीट पुरेपूर भरलं, आणि सोडला आवाज!

मास्तरांचा हात हवेत थांबला. सरळ माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं. नजर खाली घातली नाही, गाणं थांबवलं नाही. तेवढ्यात उजवीकडून नर्सबाई, बाही डोळ्यांसमोर धरून. मग बेकरीवाला. मग मागून पोस्टमनदादा, भसाड्या आवाजात. दोन ओळी बरोबर म्हणाले आणि तिसऱ्या ओळीला थेट चार नंबरच्या घरात शिरले! पुढच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. हसू दे. नऊच्या नऊ गात होतो. मास्तरांचा हात खाली आला आणि गाणं पुढे गेलं.

टाळ्या झाल्या. सभागृहाच्या पन्नास वर्षांना की आम्हाला, कोण जाणे.

विंगेत मास्तर म्हणाले, "मंगळवारी बोलू." कान लाल झाले होते त्यांचे. काढणार बहुतेक मला. काढून बघू देत!

१ मार्च, रविवार

नर्सबाईंचा सकाळीच फोन. घसा बसलाय, आनंद मावत नाहीये. बेकरीवाला ताजा पाव ठेवून गेला.

ह्यांना म्हटलं, रेकॉर्डिंग दाखवा की. "बॅटरी संपली गं ऐन वेळी," म्हणाले. ह्यांचं एक काम धड होईल तर शपथ! दिवसभर मशीनवर गात होते. हे आपले पेपर वाचत बसले.

३ मार्च, मंगळवार

बॅटरी संपली नव्हती. ह्यांच्या मोबाइलवर आज कापडवाल्याचा नंबर शोधताना सापडलं. ऐकलं. दोनदा ऐकलं.

मास्तर खरं बोलत होते. नऊ जणांत सगळ्यात मोठा आणि सगळ्यात बेसूर आवाज माझा. चौतीस वर्षं हे खोटं बोलले, आणि मी एक दिवस गप्प बसले तर ह्यांनीच विचारलं, मुकी का?

साडेपाच वाजले. जाकीट घातलंय. सहाची तालीम. आहे बेसूर — मग? मास्तर आहेत ना ते? शिकवू देत.