डावीकडची वाटी

२ फेब्रुवारी, सोमवार

पुष्पाबेन महिनाअखेरीला नोकरी सोडून राजकोटला मुलाकडे चालल्या. म्हणजे कॅप्टनची, आम्हा वाढणाऱ्यांवरच्या प्रमुखाची, जागा रिकामी. सकाळी हॉटेल उघडायच्या आधी मॅनेजर दिनेशभाईंनी सगळ्यांना रांगेत उभं करून सांगितलं, तुमच्यातल्याच एकाला करणार. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाहणारच. अकरा वर्षं इथे टेबलं सांभाळतेय. तेवढ्यात किंजल म्हणाली, "केप्टन थईने करवानुं शुं? बूमो पाडवानी?" कॅप्टन होऊन नुसतं ओरडायचं का, म्हणे. सगळे हसले. दिनेशभाईसुद्धा. मीही हसले, पण जरा उशिरा.

मग मागे नॅपकिनच्या घड्या. माझ्या पन्नास होईपर्यंत तिच्या ऐंशी. घडी घालायला तिला मीच शिकवलं होतं, आठ महिन्यांपूर्वी.

३ फेब्रु., मंगळ

आज बा, नेहमीच्या गिऱ्हाईक आजी, आल्या होत्या, खिडकीच्या टेबलावर. जैन आहेत. वर्षानुवर्षं माझ्याच टेबलावर बसतात. पाणी ठेवलं तर बा म्हणाल्या, "पेली हसती छोकरी क्यां छे?"

हसती छोकरी! आणि मी काय रडते?

किंजलला पाठवलं. स्वतः मागे जाऊन गरम पाणी आणि व्हिनेगर घेऊन चमचे पुसत बसले. कोणी सांगितलं नव्हतं. चमच्यांवर एक डाग दिसू दिला नाही.

गर्दी ओसरली की आम्ही सगळे मागे येऊन उलट्या क्रेटवर बसतो, बूट काढतो, उरलंसुरलं खातो. आज किंजल गिऱ्हाइकांच्या नकला करत होती. मेनू उलटा धरणारे काका, दर पाच मिनिटांनी लिंबू मागणारी बाई. आमचे आचारी महाराज कढईसमोर उभे राहून डोळे पुसेपर्यंत हसले. या माणसाला अकरा वर्षांत मी हसताना पाहिलं नव्हतं. पहिली फुगलेली पुरीही तिलाच दिली. मला त्यानंतरची. पुरी चांगलीच होती, खोटं कशाला बोलू.

५ फेब्रु., गुरु

किंजलने फ्रिजवर एक कागद चिकटवलाय. कोणतं गिऱ्हाईक कुठे बसतं, कोणाला डाळ कमी गोड, कोणाला पंख्याखाली चालत नाही, सगळं ओळीने. दिनेशभाई बघतच राहिले. "आ तो सिस्टम कहेवाय!"

अहो, सिस्टम कसली? त्यातलं एकूण एक मी तिला सांगितलंय! हे सगळं माझ्या डोक्यात होतं. माझ्या डोक्यातलं तिने तिच्या अक्षरात लिहिलं आणि ते तिचं झालं. अक्षरही मेलीचं सुरेख आहे.

घरी नवऱ्याला, संजयला सांगितलं. तो नंदेसरीच्या कारखान्यातली पाळी संपवून आलेला, दमलेला. म्हणाला, "मग तू का नाही लिहिलंस?" झोपेपर्यंत त्याच्याशी बोलले नाही.

जळतेय मी. इथे तरी लिहायला काय हरकत आहे. चोवीस वर्षांच्या पोरीवर जळतेय.

८ फेब्रु., रवि

लिहू की नको करत होते. लिहिते.

दुपारी तुफान गर्दी. बा घरच्या नऊ जणांना घेऊन आल्या, किंजलचं टेबल मागून घेतलं. पनीरची लाल भाजी, बाकीच्यांसाठी साधी एक, बांसाठी बिनकांदा-लसणाची जैन एक. दिसायला दोन्ही सारख्या. म्हणून आमच्याकडे खूण ठरलेली आहे: जैन वाटीवर टोमॅटोची चकती. ती ठेवायची महाराजांनीच. आम्ही चकती बघतो आणि डोळे झाकून उचलतो.

मी भाजी देतात त्या खिडकीपाशीच बडीशेपेच्या वाट्या भरत होते. महाराजांनी मोठ्या पातेल्यातली, कांदा-लसणाची, डावीकडच्या वाटीत काढली. लहान पातेल्यातली उजवीकडे. मग कोणीतरी भाताबद्दल ओरडलं, ते तिकडे बघत बोलले आणि चकती ठेवली डावीकडे.

मी पाहिलं. अगदी स्वच्छ पाहिलं.

किंजल आली. डावी वाटी बांसाठी वेगळी उचलली. मला बघून हसली पण. माझं तोंड उघडलं होतं. "थांब" एवढंच म्हणायचं होतं. मी बडीशेप भरत राहिले.

मग दाराच्या गोल काचेतून बघितलं. बांनी एक घास घेतला आणि थांबल्या. नॅपकिन तोंडाला लावला. मग मुलाचा आवाज चढला, आईने जन्मात लसूण तोंडात घातला नव्हता, तुम्हाला काही वाटतं का. बा नुसत्या बसून होत्या, नॅपकिन तसाच तोंडावर. किंजल हात जोडून उभी.

महाराज म्हणाले, चकती मी बरोबरच ठेवली होती, हिनेच वाट्या बदलल्या. तिनेही मानलं. फ्रिजकडे तोंड करून रडली. मी पाणी दिलं तर माझा हात धरून म्हणाली, "वैशालीबेन, मारी जग्याए तमे होत तो आवुं न थात." तिच्या जागी मी असते तर असं झालं नसतं म्हणे.

मी होतेच की गं तिथे.

९ फेब्रु., सोम

दिनेशभाईंनी आत बोलावलं. किंजलला टेबलांवरून काढलं. आता फक्त मागचं काम, चमचे, नॅपकिन, बडीशेप. आणि कॅप्टन मी. शुक्रवारी सकाळी सगळ्यांसमोर सांगणार.

संजय जिलबी घेऊन आला. शेजारच्या शिंदेकाकूंनाही सांगून आला. मी दोन खाल्ल्या. गोड लागल्या नाहीत असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण लागल्या.

१० फेब्रु., मंगळ

किंजल दिवसभर मागे. त्यामुळे ज्याला बघावं तो मागे. पाण्याचा जग भरायला गेलेला माणूस दहा मिनिटं परत येत नाही. मी पुढे एकटी, पाठ ताठ करून उभी, आणि दार हललं की आतून हसणं ऐकू येतंय. दोन दिवसांपूर्वी रडत होती ती!

जिंकले मी, तरी पोटात दुखतंय. हे कुठलं दुखणं?

११ फेब्रु., बुध

आज कळलं, किंजल बांच्या घरी जाऊन आली. एकटीच, कोणी सांगितलेलं नसताना. बांनी त्या एका घासाच्या प्रायश्चित्तासाठी तीन दिवसांचा उपवास धरला होता. किंजलने पाय धरले. बांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, जवळ बसवलं, म्हणाल्या, मुद्दाम थोडंच केलंस. हे सांगताना तिचा चेहरा असा हलका झाला होता.

आणि मला काय वाटलं? लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. आधी हेवा वाटला. माफीसुद्धा तिलाच मिळाली. जी चूक तिची नव्हतीच, तिची. माझ्या डोक्यावर कोण हात ठेवणार? "मुद्दाम थोडंच केलंस" हे मला कोणाला म्हणता येईल?

उपवास बांनी केला. शिक्षा किंजलला. मी जिलबी खाल्ली.

१२ फेब्रु., गुरु

सकाळी हॉटेल उघडायच्या आधी मागे आम्ही दोघीच. ती चमचे पुसतेय, मी मोजून ट्रेमध्ये लावतेय. एकदम म्हणाली, "तमे तो त्यां ज ऊभां हतां ने? मारी भूल क्यां थई, कहो ने." माझी चूक कुठे झाली, अगदी शिकायला विचारावं तसं. रात्रंदिवस आठवून बघते म्हणाली, तिला हात बदलल्याचं आठवतच नाही. पुन्हा तसं होऊ नये म्हणून विचारतेय.

बाहेरून पुष्पाबेनची हाक आली, पहिलं गिऱ्हाईक. मी म्हटलं, "दुपारी जेवताना सांगते."

उद्या शुक्रवार. कॅप्टनचा काळा कोट आजच घालून बघायला दिला दिनेशभाईंनी. खांद्यात बरोबर बसला.

आता साडेतीन. गर्दी संपली. सगळे मागे क्रेटवर बसलेत, महाराजही. मी कपडे बदलायच्या खोलीत कडी लावून हे लिहितेय. किंजल दोनदा हाक मारून गेली. दोन ताटं वाढलीत म्हणे, आणि मी येईपर्यंत ती जेवणार नाहीये.