शिंपल्यांचे डोहाळे

२ डिसेंबर १९५६, रविवार
कुमुदच्या पोटात आज पेजसुद्धा टिकली नाही. चौथा महिना लागलाय. वसंताने मुंबईहून लग्न करून आणली तेव्हा कशी भरल्या अंगाची होती. आता माझी भावजय म्हणावी की माझ्या वर्गातली एखादी उपाशी पोर, कळत नाही.

मायने विचारलं, "काय खावंसं वाटते तुले? डोहाळे लपवू नये, बाई. पोराचे कान फुटतात."
कुमुदने पदराचं टोक पिळलं. मग खाली बघून, "शिंपल्या."
मायच्या हातातली बशी तिथेच थांबली. मला आधी कळलंच नाही. तापीच्या रेतीत पोरं वेचतात त्या? "खायच्या?" मी विचारलं.
"समुद्रातल्या," म्हणाली. आणि रडायला लागली.
या घरात चातुर्मासात कांदा येत नाही. आणि हे.

३ डिसें., सोम.
सकाळी पूजा आटोपून माय बाहेर आली. "परसात वेगळी चूल मांड. भांडं नवं. मले वास येऊ देऊ नको. पण पोरीले मिळू दे."
मी बघतच राहिले. हीच ती माय, जिने वसंताने मित्राकडे अंडं खाल्लं म्हणून त्याला ओट्यावर जेवायला बसवलं होतं. बाबा होते तेव्हा. त्यांचंही ऐकलं नव्हतं.

५ डिसें., बुध.
शाळेत गोंधळ. नवं राज्य झाल्यापासून नागपूरचे कागद बंद, आता सगळं भोपाळला. हेडबाई म्हणतात मराठीचे वर्ग राहतील. लिहून कोण देतंय?
घरी वसंता फुरंगटलेला. "मी नाही जाणार मच्छीबाजारात. मिलमधले काय म्हणतील?" बायकोवर जीव आहे, पण लोकांना भितो. मग मीच जाते म्हटलं. कुमुद म्हणे, ताई मी पण. तुम्हाला चांगलं-वाईट कळायचं नाही.

९ डिसें., रवि.
इतवाऱ्यातला मच्छीबाजार. नाकाला पदर लावून जिथून घाईघाईने पार व्हायची, त्या गल्लीत आज थांबले. ठोक माल घेणारा एक म्हातारा आहे, सगळे चाचा म्हणतात. मुंबईच्या गाडीने बर्फाच्या पेट्या येतात त्याच्याकडे, पुढे हॉटेलवाले, रेल्वेवाले नेतात. शिंपल्या म्हटल्यावर हसायलाच लागला. "बेटी, यहाँ कौन खाएगा?"
"मी खाणार," कुमुद म्हणाली.
मी हळूच म्हटलं, उम्मीद से है. हसणं बंद. "अगले इतवार आना. बंबई के थोक बाजार में मेरा आदमी है. जो मिलेगा, भेजेगा."
परत येताना कुमुद चक्क गुणगुणत होती.

१७ डिसें., सोम.
काल लिहायला हातच धजला नाही. क्रमाने लिहिते.

सकाळी माल आला. करंडी, वर ओलं गोणपाट, आत बर्फाचा चुरा. बहुतेक बारक्या शिंपल्या, तिसऱ्या म्हणतात त्या. पण तळाशी काही वेगळ्याच, तळहाताएवढ्या, लालसर, उघडलेल्या पंख्यासारख्या, पंख्याच्या काड्यांसारख्याच रेघा. कुमुद तिथे गटाराच्या काठावर बसली. "ताई, ह्या! ह्या फार कमी मिळतात हो." तिच्या माहेरी ह्यांना पंखेच म्हणायचे म्हणे. एकेक उचलून टिचकी मारी. हळूहळू मिटली तर ठेवी, वासलेलीच राहिली तर बाजूला. एकेक नाकाशी नेई. चाचाने वर बर्फ दिला, "लड़की को आता है."

परसातल्या चुलीवर तिनेच केलं. सुरीचं टोक घालून पंखा उघडला की आत पांढराशुभ्र गोळा, पेढ्याएवढा. बाकीचं काढून टाकलं. हळद, तिखट, मीठ, माहेरून आणलेल्या आमसुलाचं पाणी. तव्यावर तेल, ठेचलेला लसूण, एकदा या अंगाने एकदा त्या. बस. जास्त ठेवलं तर चामडं होतं म्हणाली. मी पदर नाकाशी धरून उभी होते. तसा वास आलाच नाही. ओलं खोबरं भाजल्यासारखा आला.

जेवली. भातासकट, पोटभर, मान वर न करता. माय मागच्या दारातून बघत होती. मी खूश होऊन नळावर पाणी भरायला गेले.

परत आले तर माय चुलीपाशी बसलेली. ओठ केवढे सुजलेले! डोळ्यांच्या नुसत्या फटी. हातभर गांधी उठलेल्या. "घशात काही अडकलं वं," म्हणाली आणि श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. वसंता डॉक्टरांना आणायला धावला. माझ्या ओरडण्याने शेजारच्या मालतीकाकू आल्या, त्यांच्या मागे अर्धी गल्ली.

डॉक्टर आले. "क्या खाया इन्होंने?" मायने मान हलवली. काही नाही. परत विचारलं. परत मान. मी सांगत होते, सकाळची भाजी-भाकरीच. मला खरंच तेवढंच माहीत होतं.

कुमुद पुढे आली. "शिंपली खाल्ली त्यांनी. मी दिली."

 मालतीकाकूंच्या तोंडून "अगं बाई"सुद्धा निघालं नाही. डॉक्टरांनी लगेच सुई दिली. मायचा हात माझ्या हातात, गार. किती वेळ गेला कोण जाणे. मग शिट्टी हळूहळू कमी झाली.

माय वाचली. अजून काही लिहवत नाही.

१८ डिसें., मंगळ.
डॉक्टर म्हणतात, काहींच्या अंगाला ही वस्तू चालतच नाही, माल ताजा असला तरी. कुमुदने तीच खाल्ली, तिला काही नाही. मायने आता जन्मात तोंडाला लावायची नाही.
गल्लीला ते ऐकायचं नाही. मुंबईच्या सुनेने सासूला बाटवलं. कुणी म्हणे मारायलाच निघाली होती. नळावर मला बघून बोलणं थांबतं.
वसंता तिच्याशी एकच वाक्य बोलला. "का दिलीस?" तिने भांडी आवरायला घेतली.
मलाही राग आलाय तिचा. माय नको म्हणत असेल, हिने आग्रह केला असेल.

२० डिसें., गुरु.
राममंदिरात भजन. इतकी वर्षं झांज मायची. आज दुसरीच्या हातात. बोलवायलाही कुणी आलं नाही. आवाज घरात येत होता. मायने दार लोटून घेतलं.

२१ डिसें., शुक्र.
कुमुदचा भाऊ दारात! वसंताने तार केली होती, घेऊन जा म्हणून. मला न विचारता, मायला न विचारता. निदान मला तरी.
कुमुदने ट्रंक भरली. मायच्या पाया पडली. मायने भिंतीकडे तोंड केलं. टांगा वळेपर्यंत मी ओट्यावर उभी. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघड्या.

२३ डिसें., रवि.
जेवताना माय एकदम म्हणाली, "मीच मागितली."
मला वाटलं डाळ.
"शिंपली. मीच मागितली तिले. तिनं नाही म्हटलं. म्हणे, आई, तुमचं सोवळं. मी म्हटलं, सासूचं ऐकत नाही का?"
घास हातातच राहिला. "कायले पण, माय?"
"किती आनंदानं खात होती ती. तसं खाताना मी कोणालेच नाही पाहिलं. वाटलं, काय असेल त्यात."
"मग सांगितलं का नाहीस? ती घरातून गेली! पोटुशी बाई!"
"घसा बसला होता."
"घसा दोन दिवसांत सुटला तुझा."
 मी ताटावरून उठले. आयुष्यात प्रथम मायवर ओरडले, आणि तिने ओरडू दिलं. तेच जास्त लागलं. आणि त्या पोरीने तर डॉक्टरांपुढेसुद्धा मायचं झाकून ठेवलं. माझ्यापुढेही.

२४ डिसें.
माय म्हणते, वसंताले तू सांग. मी म्हटलं, तुझं तू सांग. 

२७ डिसें., गुरु.

संध्याकाळी माय धुतलेलं लुगडं नेसली. "चाल." मंदिरात न बोलावता जाऊन मागे बसली. मी शेजारी. आरती झाली, प्रसाद वाटायच्या आधी उभी राहिली.
"बायांनो, सुनेनं मले खाऊ घातलं नाही. मी मागून खाल्लं."
मालतीकाकू म्हणाल्या, "जाऊ द्या आता. सुनेला वाचवायला म्हणताय, कळतं आम्हाला."
"वाचवायले नाही. मागून खाल्लं. आन् चांगलं लागलं."
देवासमोर! मी मायचा हात खाली ओढत होते. कुणी तरी पोराला उचलून बाहेर गेलं. प्रसादाचं ताट आमच्यापाशी येऊन वळलं. बाहेर चपलांपाशी वसंता उभा, मिलमधून येताना थांबलेला. सगळं ऐकलं त्याने. चेहरा पांढरा. आमच्यासोबत आला नाही. घरी आला तो जेवला नाही.

३० डिसें., रवि.
वसंता मुंबईला गेला. "घेऊनच येतो," म्हणाला. मायने पुरणाच्या पोळ्या बांधून दिल्या. मी कुमुदची खोली झाडली, उशीचे अभ्रे बदलले.

२ जानेवारी १९५७, बुध.
एकटाच उतरला.
रागावली नाही म्हणे. तब्येत बरी. चहा दिला, पोळ्या ठेवून घेतल्या. मग म्हणाली, "तुम्ही मला 'का दिलीस' विचारलंत. 'दिलीस, की त्यांनी मागितली' असं नाही विचारलंत."
वसंता हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हता. मीही कुठे विचारलं होतं?
"येणार की नाही?"
"माहीत नाही. म्हणाली, 'हिला घेऊन जा' म्हणून तार करणारा माणूस नको."
माय दाराआड उभी होती. ऐकलं सगळं.

३ जाने., गुरु.
भजनाचा आवाज आला. माय गेली नाही, दारही लोटलं नाही. गहू निवडत बसली. भुसावळच्या पुढे कधी न गेलेली बाई.
मध्येच विचारलं, "मुंबईत या दिवसांत थंडी असते का वं? शाल घेऊ का संगे?"
"फार नसते," मी म्हटलं.
बरं, म्हणाली. आणि सूप झटकून पुढची ओंजळ घेतली.