चांगुणाचा उजवा हात

।। श्री ।।

नगर,
ता. १२ जानेवारी १९७३

ती. सौ. इंदूताईस,
शामकांतचा शि. सा. न. वि. वि.

तिळगुळाचा डबा एसटीच्या कंडक्टरने इमानेइतबारे आणून दिला. वड्यांचा चुरा झाला होता, पण तो चमच्याने खाल्ला.

नाना तुझ्याकडे आले की अजून विचारतात म्हणतेस, शाम नेमकं करतो काय? त्यांना सांग, पुण्याला मानसशास्त्रात एम. ए. झाल्यावर बंगळूरला दोन वर्षं शिकलो ते हेच. औषध देत नाही, सुई टोचत नाही. माणसाची चाचणी घेतो, त्याच्याशी बोलतो, आणि बहुतेक वेळ ऐकतो. इथले वॉर्डबॉय मला बोलायचे डॉक्टर म्हणतात.

चित्रं चालू आहेत. सध्या नुसते हात काढतोय. सुताराचे, नर्सबाईंचे, बांगड्या भरणाऱ्या कासाराचे. रविवार सगळा त्यात जातो.

एक बाई मात्र डोक्यातून जात नाही. तिला चांगुणा म्हणू. खरं नाव लिहीत नाही. कुणाचंच लिहिणार नाही. तूही हे घराबाहेर नेऊ नकोस. आमच्या वॉर्डात दाखल आहे, खर्ड्याजवळच्या वस्तीवरची, पंचविशीतली. दिवाळीच्या आधीपासून तिचा उजवा हात मेल्यासारखा लोंबतोय. मोठ्या डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली. मनगटापर्यंत, हातमोजा घातल्यासारखा बरोबर तेवढाच भाग बधिर. ते म्हणाले, शिरा अशा मरत नाहीत, हे तुमच्याकडचं. नवरा गोरक्ष भला आहे, पण सासू म्हणते ढोंग करते, माहेरी पोचवून द्या. होळीपर्यंत हात हलला नाही तर तेच व्हायचं.

बाई बोलत नाही. हात माझा न्हाईच, दुसऱ्या कुनाचा तरी लावलाय, एवढंच पहिल्या दिवशी म्हणाली. मी कागद-पेन्सिल पुढे ठेवली, तर ती भिंतीकडे तोंड करून बसली.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा
शामकांत

---

कोपरगाव,
ता. १८ जानेवारी १९७३

चि. शामकांत यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र नानांना वाचून दाखवलं, चांगुणाचा भाग गाळून. ते म्हणाले, चाळीस वर्षं कोर्टात कारकुनी करताना मीही लोकांचं ऐकतच होतो, मला कुणी डॉक्टर म्हणालं नाही. पण मग बराच वेळ पत्र हातात घेऊन बसले. राग निवळतोय रे. त्यांना वकील मुलगा हवा होता, एवढंच दुःख.

हात काढतोस ते छान, पण एखादीचा हात धरायचंही बघ. नाशिकचं स्थळ पुन्हा विचारतंय.

आता तुझ्या चांगुणाबद्दल. बंगळूरला शिकून आलास तरी वेडाच राहिलास. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला कागद म्हणजे अंगठा उठवायची जागा. ती बिचकणारच. तिला रांगोळी दे. फरशीवर बसव आणि डाव्या हाताने काढ म्हण. वाकडीतिकडी आली तर आधी तू स्वतः हस. एसटीच्या कंडक्टरबरोबर आमच्या गल्लीतली पांढरी रांगोळी शेरभर धाडतेय.

जेवण वेळेवर घे. आम्ही सगळी खुशाल. आठवण ठेव.
तुझी
इंदूताई

---

नगर,
ता. ४ फेब्रुवारी १९७३

ती. सौ. इंदूताईस,
शि. सा. न. वि. वि.

ताई, तुझं ऐकलं. पहिल्या दिवशी मीच डाव्या हाताने कमळ काढलं. ते कोबीसारखं दिसत होतं. चांगुणा पदर तोंडाला लावून हसली. मग तिने चार ठिपके टाकले. आठवडाभर ठिपके आणि रेघा.

परवा तिने एक मोठा गोल काढला. वरून आत जाणारी रेघ, रेघेच्या टोकाला चौकोन. खाली एक बारीक बाई. क्षणभर पाहिलं आणि डाव्या तळव्याने ती बाई पुसून टाकली. मी विचारलं, ही कोण? तेव्हा तीन महिन्यांचं सगळं एकदम बाहेर पडलं.

पाणी आटलं म्हणून घरच्यांनी विहीर खोलवायला घेतली होती. नणंद राहीबाई खाली उतरून पाटीत दगड भरायची. विधवा आहे, भावाकडेच राहते. चांगुणा वरून दोर ओढायची. एका दुपारी दोर हातातून गेला, पाटी खाली कोसळली, राहीबाईच्या पायाचा चुराडा झाला. दगडं आनि माझ्या वन्सं, दोन्ही याच हातानं सोडली, असं म्हणून ती त्या मेलेल्या हातावर डाव्या हाताने मारत होती. तो हात मी धरला, तेव्हा थांबली. घरात तिला कुणी दोष दिला नाही. राहीबाई तर त्या दिवसापासून तिच्याशी धड बोललेलीच नाही. चांगुणाने त्याचा अर्थ काय लावला, तुला सांगायला नको.

तेव्हा राहीबाईला इथे बोलवावं, असं वाटतं. पण तिने तोंडावर म्हटलं, होय, तूच सोडलास दोर, तर? मग हा हात कायमचा गेला. याचं उत्तर कुठल्या पुस्तकात सापडेना. दोन दिवस ब्रशला हात लावला नाही.

तुझा
शामकांत

---

कोपरगाव,
ता. ७ फेब्रुवारी १९७३

चि. शामकांत यास अ. आ.

कार्डच लिहितेय, लगेच पोचावं म्हणून. राहीबाईला बोलावू नकोस. आधी तूच तिच्याकडे जा. नणंद गप्प आहे म्हणजे रागावलीच आहे, असं कशावरून? पाय तिचा गेला, तिचं कुणी ऐकलं का? जीव टांगणीला लागलाय, काय होईल ते कळव.
ताई

---

नगर,
ता. ३ मार्च १९७३

ती. सौ. इंदूताईस,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नकोस. आज लिहिताना मनावरचं ओझं उतरलंय.

तुझं कार्ड मिळाल्यावर रजा काढून खर्ड्याला गेलो. तिथून वस्तीपर्यंत पायी. राहीबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होती, शेजारी काठी. चांगुणाच्या हाताची चौकशी तिने आपणहून केली. मी म्हटलं, त्या दिवशी खाली नेमकं काय झालं ते तुमच्या तोंडून ऐकायचंय. सूप थांबलं. तिने ते बाजूला ठेवलं. मग म्हणाली, डाक्टर, गाठ मी मारल्ती.

पाटीला दोर तीच बांधायची. त्या वेळी घाईत होती, एकच फेरा घेतला. पाटी अर्ध्यावर आली आणि गाठ सुटताना तिने खालून डोळ्यांनी पाहिली. दोर एकदम हलका झाला म्हणून वर चांगुणा मागे पडली आणि तो हातातून गेला. आधी गाठ, मग हात. भाऊ रागावेल, आश्रिताला घराबाहेर काढेल, या भीतीने राहीबाई गप्प बसली. वहिनीचा हात लुळा पडल्यावर तर तिला वाटलं, आपल्या खोटेपणाचंच हे फळ. म्हणून तोंड चुकवत होती. एका घरात दोघी बायका, दोघी स्वतःलाच गुन्हेगार समजत होत्या.

मी फक्त विचारलं, हे तिला सांगाल का? ती काठी घेऊन उठलीच. सोबत निघालेल्या गोरक्षला तिने वाटेत एसटीतच सगळं सांगितलं, साऱ्या उतारूंसमोर. तो एवढंच म्हणाला, आक्का, घर तुझंबी हाय.

इथे आल्यावर ती चांगुणासमोर फरशीवर बसली, दुखरा पाय लांब केला आणि एका दमात बोलली. चांगुणाने तिला तीन वेळा विचारलं, गाठ आधी सुटली? व्हय, आधी. खरंच आधी? मग दोघी गळ्यात पडून रडल्या. मी खोलीबाहेर आलो. माझेही डोळे कोरडे नव्हते, हे नानांना सांगितलंस तरी चालेल.

हात काही जादूने उठला नाही. त्या संध्याकाळी अंगठा हलला, चौथ्या दिवशी मूठ वळली. मग आमच्या व्यायामाच्या बाईंनी पंधरा दिवस कसून मेहनत घेतली. मोठ्या डॉक्टरांनी पुन्हा टाचणी टोचली, तेव्हा चांगुणा ओरडली आणि सगळा वॉर्ड टाळ्या वाजवू लागला.

काल गोरक्ष आणि राहीबाई तिला न्यायला आले. स्टँडवर चांगुणाने राहीबाईची पिशवी उजव्या हाताने उचलली. राहीबाई खेकसली, आत्ताच हात बरा झालाय, ठेव खाली. चांगुणा म्हणाली, तुमी पाय सांभाळा, माझ्या हाताचं मी बघते. पिशवीच्या दोन बंदांना दोघी धरून अशा भांडल्या की जामखेडची गाडी निघून गेली. मी गोरक्षला म्हटलं, आता पुढची गाडी दीड तासाने. तो बाकावर ऐसपैस बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, जाऊ द्या सायेब, लई दिसांनी घरात आवाज झालाय.

सर्वांना नमस्कार. पत्राची वाट पाहतो.
तुझा
शामकांत