कासव आज नेते आहे

बाबा,

तुमची पूजा चालली आहे म्हणून हाक मारली नाही. टबातलं कासव ओल्या गोणपाटात गुंडाळून गाडीत ठेवलं आहे. चंबळकाठच्या वनखात्याच्या केंद्रात नेते आहे.

मासेमारांच्या जाळ्यातून आईने ते सोडवून आणलं. जखम भरली की नदीत सोडू म्हणाली, आणि मग तीच गेली. तिच्यामागे तुम्ही त्याला जपलंत, हे मला कळतं. पण ते दिवसभर टबाला नख्या घासत राहतं, आणि आता तर खाणंही सोडलंय. सोडायचंच तर जवळच्या तिघऱ्याच्या धरणात टाकू, असं तुम्ही म्हणता, पण तसं चालणार नाही. केंद्रातल्या साहेबांना फोन केला तर म्हणाले, "सीधे पानी में मत छोड़िए, पहले जाँच होगी." आधी त्यांच्या तळ्यात ठेवतील, तब्येत बघतील, मगच नदीत सोडतील. इतकं करूनही कदाचित जगणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. तरी मी नेते आहे.

काल तुम्ही म्हणालात, "ते गेलं तर घरात माझं उरलं कोण?" मी समोरच पोळ्या लाटत होते, बाबा.

पोहे झाकून ठेवलेत, ते खा. मग दार ओढून खाली या. मी गाडीत बसले आहे. मला गाडी चालवायची आहे, त्याला मांडीवर धरायला कुणीतरी हवं.

सीमंतिनी